पोट आत, छाती बाहेर

मुतारीत ओळीनं पाच भांडी असली तर पहिला माणूस कडेचं घेतो, दुसरा पलीकडच्या कडेचं, तिसरा बरोबर मधलं. चौथा माणूस हात धुण्याचं नाटक करत थांबतो. हा नियम कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. शाळेत उलट लघवीच्या सुट्टीत आम्ही एका भिंतीशी खांद्याला खांदा लावून उभे राहायचो आणि कुणाची धार किती उंच जाते याच्या शर्यती लावायचो. त्या शर्यतीत मी कायम पहिल्या तिघांत असे. हे मी आजवर बायोडेटात लिहिलं नाही, एवढाच काय तो माझा विनय.

तोच मी पुढे तो चौथा माणूस झालो. शेजारी कुणी उभं राहिलं की मला लघवी होईना. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये एसटीतून उतरलेला अख्खा पुरुषवर्ग एका दमात येतो, मोकळा होतो आणि वडापाव घेऊन परत गाडीत बसतो. तोवर मी समोरच्या फरशा मोजत उभा. मागून कुणीतरी विचारतं, "काका, झालं का?" चौतिसाव्या वर्षी 'काका' ऐकल्यावर वाटेवर असलेलीही परत फिरते.

माझ्यासारख्यांना दिलासा एवढाच की या विषयावर रीतसर प्रयोग झालेला आहे. १९७६ साली मिडलमिस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मुतारीत केला. एक निरीक्षक शेजारच्या संडासात लपला. जमिनीवर पुस्तकांचा गठ्ठा, गठ्ठ्यात बसवलेला पेरिस्कोप, हातात स्टॉपवॉच. साठ पुरुषांवर नजर ठेवली गेली. आजूबाजूला कुणी नसेल तर धार सुरू व्हायला सरासरी ४.९ सेकंद लागले; अगदी लागून कुणी उभं असेल तर ८.४ सेकंद. पुढे या प्रयोगावर 'हे नीतीला धरून आहे का' म्हणून टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला वेगळीच चिंता वाटते. त्या निरीक्षकानं घरी गेल्यावर "आज दिवसभर काय केलंस?" या प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल?

माझी पंचाईत अशी की मला पेरिस्कोपचीही गरज राहिली नाही. घरच्या बाथरूममध्ये, कडी लावलेली, बायको माहेरी गेलेली, तरी मला वाटायचं की कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभं आहे. बारीक धार, मग थांबा, मग पुन्हा थोडी, आणि बाहेर आल्यावर 'अजून आहे' ही खात्री. आणि ज्या काळात हे सुरू झालं त्याच काळात, कसं सांगू, रात्रीच्या वेळी घरातली आणखी एक गोष्टही ऐनवेळी दांडी मारायला लागली.

इथे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास शिकवतो. पण माझी खरी कीर्ती आहे ती 'परीक्षेचा ताण: कारणे व उपाय' या व्याख्यानामुळे. पूर्वपरीक्षेच्या आधी हॉल भरून मुलं बसतात आणि मी माइक हातात घेऊन म्हणतो, "घाबरता कशाला? शरीर तुमचं, मन तुमचं, मग हुकूम कुणाचा चालणार?" मुलं ओरडतात, "आमचा!" टाळ्या पडतात. रस्त्यावर माझा फ्लेक्स आहे. हाताची घडी, नजर क्षितिजावर, पोट आत, छाती बाहेर. त्या फ्लेक्सखालच्या टपरीवर चहा पिताना, आपल्याला ओळखलं जावं पण आपल्याला ते आवडत नाही असं लोकांना वाटावं, यासाठी मी जे कष्ट घेतो ते निराळे.

असा माणूस डॉक्टरकडे आधी जात नाही. तो आधी अभ्यास करतो. मी व्हिडिओ पाहिले, टिपणं काढली आणि केगल व्यायाम सुरू केले. आर्नॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेल्या बायकांसाठी हे व्यायाम मांडले. मी बाळंत झालो नव्हतो आणि माझं काही सैल पडलं आहे असं कुणी सांगितलंही नव्हतं, पण व्यायाम म्हटल्यावर तो जास्त केलेला बरा हे आमच्या घराण्यातलं धोरण आहे. मी सिग्नलला स्नायू आवळायचो, पालकसभेत आवळायचो, पानिपतची तिसरी लढाई शिकवताना आवळायचो. सदाशिवरावभाऊ गर्दीत घुसताना माझा आवाज जो दाटून यायचा, त्याचं कारण मुलांना वाटायचं तेवढं ऐतिहासिक नव्हतं.

शेवटी लघवीला जळजळ सुरू झाली आणि मी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. पिकलेल्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ. मी लघवीचं सगळं मुद्देसूद सांगितलं. ते लिहीत होते. "आणखी काही?"

"नाही. म्हणजे, तसं काही नाही. थोडा थकवा असतो. म्हणजे घरी. नेहमी नाही. कामाचा ताण असतो हो, डॉक्टर."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते?"

ज्या प्रश्नाभोवती मी महिनोन् महिने प्रदक्षिणा घालत होतो तो त्यांनी सर्दी-खोकल्याच्या सुरात विचारला. मी म्हटलं, "असते."

"रोज?"

"जवळजवळ."

"मग रक्तपुरवठा आणि नसा बहुतेक शाबूत आहेत," ते म्हणाले. "अडवणारा इथे बसलाय." आणि त्यांनी पेनानं माझ्या कपाळाकडे खूण केली. त्याच कपाळामागे ती सगळी व्याख्यानं राहतात.

मग त्यांनी मला नरसाळ्याकडे पाठवलं. युरोफ्लोमेट्री नावाची ही परीक्षा अशी: दार लावून नरसाळ्यात लघवी करायची, खालचं यंत्र ती सेकंदाला किती मिलिलिटर आली ते मोजतं आणि कागदाच्या पट्टीवर आलेख काढतं. निरोगी तरुणाचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो आणि शिखर सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असतं. एकूण १५० मिलिलिटर तरी भरावे लागतात, नाहीतर पेपर ग्राह्य धरत नाहीत. माझे भरले. आलेख मात्र लांबलचक, बसका, मध्ये मध्ये तुटलेला. शिखर ९. पट्टी बघून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कटऑफ किती आहे?"

यंत्र सांभाळणारा पोरगा म्हणाला, "तसं नसतं, सर."

"फेरपरीक्षा?"

"बसा पाणी पिऊन."

मी पाणी प्यायलो, संपूर्ण एकाग्रतेनं पुन्हा आत गेलो, आणि फेरपरीक्षेत आणखी कमी पडले. मग सोनोग्राफी झाली, लघवी झाल्यावर आत किती उरते तेही पाहिलं, लघवीची तपासणी, साखर, रक्तदाब, चरबी. साखर आणि चरबी कशाला, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून माझं हसू ओसरलं. लिंगातल्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. रोग दोन्हीकडे एकच असतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा सिगारेट आतून काम करत असेल तर काही पुरुषांना छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी त्याची खबर अंथरुणात मिळते. आणि ती खबर मिळालेला माणूस काय करतो? कामाचा ताण आहे म्हणतो.

माझे रिपोर्ट ठीक आले. मूत्रमार्गात कुठे आकुंचन नव्हतं, प्रोस्टेट सुजलेली नव्हती. लघवीत किरकोळ जंतुसंसर्ग होता तो औषधानं गेला. सर्दीच्या ज्या गोळ्या मी परीक्षेच्या हंगामात शेंगदाण्यासारख्या खात होतो त्या बंद झाल्या, कारण त्यातली काही द्रव्यंही मूत्राशयाचं तोंड आवळून धरतात. उरला तो दोष डॉक्टरांनी समजावला. मूत्राशय रिकामं करणं आणि ताठरता येणं, ही एकाच मीटरवरची दोन बिऱ्हाडं. दोन्हींचा पुरवठा माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणाऱ्या त्याच मज्जातंतूंकडून होतो, आणि तो चालू राहतो शरीर निवांत असताना. भीती वाटली, ॲड्रेनॅलिन आलं, की मूत्राशयाचं तोंड आवळतं, रक्तवाहिन्या आकसतात. रानात वाघ समोर आल्यावर पळायचं असतं. बाकीचे कार्यक्रम तूर्त रद्द. ही व्यवस्था उत्तम आहे. फक्त माझा वाघ म्हणजे प्लॅस्टिकचं नरसाळं आणि डबलबेड, एवढंच तिला कुणी कळवलेलं नव्हतं.

आता इथे डॉक्टर ब्रिंडलींविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लेखाला त्यांची काही गरज नाही, असं बायकोचं मत आहे. ती इंजिनिअर आहे. तिला गरज नसलेल्या गोष्टी काढून टाकायची सवय आहे. पण मी व्याख्याता आहे, आणि व्याख्यानाच्या इतिहासात १९८३ साली लास वेगासला जे घडलं त्याला तोड नाही.

जाइल्स ब्रिंडली हे इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. माणूस एका विषयात मावणारा नव्हे. अंध व्यक्तीच्या मेंदूवर विद्युत्‌अग्रं बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग त्यांनी १९६०च्या दशकात केला. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसांना बटण दाबून लघवी करता यावी, असं कण्यातल्या नसांवर बसवायचं उपकरणही त्यांचंच. शिवाय त्यांनी एक नवं वाद्य घडवलं. बसून नावाचं जे लांबलचक पाश्चात्त्य सुषिरवाद्य असतं, त्याची इलेक्ट्रॉनिक चाव्यांची सुधारित आवृत्ती. ते वाद्य उभ्यानं वाजवतात की बसून, हा विनोद मी इथे करणार नाही. मी तो घरी केला आहे आणि त्याचे परिणाम भोगले आहेत.

तर लास वेगासला मूत्ररोगतज्ज्ञ जमले होते. संध्याकाळची वेळ. नंतर समारंभ असल्यामुळे बरेच जण सपत्नीक, नटूनथटून आलेले. साठीकडे झुकलेले ब्रिंडली मंचावर आले ते ढगळ निळ्या ट्रॅकसूटमध्ये. त्यांचं म्हणणं असं, की लिंगात विशिष्ट औषधाचं इंजेक्शन दिलं तर ताठरता येते, तिथे कामभावनेची गरजच नाही. पुराव्यादाखल त्यांनी स्लाइड दाखवायला सुरुवात केली. सगळे फोटो स्वतःचे. आता शास्त्रज्ञांच्या सभेत शंका निघणारच: फोटो काढताना साहेबांच्या मनात काही रम्य विचार नव्हते कशावरून? ब्रिंडलींनी ही शंका आधीच ओळखली होती. ते म्हणाले, व्याख्यान देणं ही गोष्ट कुठल्याही सामान्य माणसाला कामोत्तेजक वाटणार नाही. म्हणून मी हॉटेलच्या खोलीतच इंजेक्शन घेऊन आलो आहे.

एवढं बोलून ते पुढे आले आणि ट्रॅकसूट आवळून धरून दाखवला. मग त्यांना वाटलं की कापडामुळे पुरावा पुरेसा स्पष्ट होत नाहीये. त्यांनी विजार खाली केली. सभागृहात श्वास घेतल्याचाही आवाज नाही. पण ब्रिंडलींचं समाधान होईना. ताठरता खरी आहे की नाही हे श्रोत्यांनी स्वतः तपासून घ्यावं, असं म्हणून ते घोट्याशी अडकलेल्या विजारीनिशी खुरडत पहिल्या रांगेकडे निघाले. तिथल्या बायका हात वर करून किंचाळल्या. तेव्हा कुठे शास्त्रज्ञातला माणूस जागा झाला; त्यांनी विजार वर ओढली आणि व्याख्यान आटोपतं घेतलं.

मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला हेवा वाटतो. एक तर प्रश्नोत्तरांचा कंटाळवाणा भाग त्यांनी कायमचा निकालात काढला. दुसरं, माझ्या व्याख्यानात माणसं फारतर टाळ्या वाजवतात. उठून कधी कुणी किंचाळलेलं नाही. आणि तिसरं असं की त्या संध्याकाळनं वैद्यकाला एक गोष्ट पटवून दिली, जी मला कळायला पुढे इतका खर्च आला. ताठरता म्हणजे काही आवळणं नव्हे. लिंगातले मऊ स्नायू सैल पडतात, म्हणून रक्त आत येतं. ज्या अवस्थेला जगभरचे पुरुष ताकदीचं प्रतीक मानत आले, ती निघाली ढिलाईची किमया.

१९९८च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली सिल्डेनाफिलची ती प्रसिद्ध निळी गोळीही हेच काम करते. मुळात ती हृदयशूळासाठी तपासली जात होती. हृदयाला फार फरक पडेना, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलतीच तक्रार केली, आणि तिचं नशीब फिरलं. गोळी इच्छा निर्माण करत नाही. फक्त सैल पडलेल्याला सैल राहू देते. माझ्या डॉक्टरांनी मला ती थोडे दिवस दिली, पण आधी छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधं चालू नाहीत ना, हे दोनदा विचारून. त्या जोडीनं रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय, खालच्या आवाजात ती मागणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत हेच रसायन गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे जडीबुटी खातोय या समाधानात असलेल्या माणसालाही ते कळत नाही.

या पुड्यांवरून माझं डोकं फिरतं. रेल्वेनं कुठेही निघा, स्टेशन जवळ आलं की भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं असतं: गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज. १९५४ साली या देशात कायदा झाला, की लैंगिक शक्ती वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. भिंतींनी तो कायदा अजून वाचलेला नाही. जाहिरातीत वर ऋषिमुनींचा हवाला असतो, आणि सुश्रुतसंहितेनं क्लैब्याचे सहा प्रकार सांगताना पहिला प्रकार 'मानस' सांगितला आहे, मन बिघडल्यानं होणारा, हे त्या भिंतीवर कुणी लिहीत नाही. कारण मनावर पुडी विकता येत नाही.

आणि राग माझ्यावरही आहे. मी इतकी वर्षं मुलांकडून एक प्रश्न घोटून घेतोय. 'समाजस्वास्थ्य' मासिक कुणी सुरू केलं? पर्याय चार. उत्तर: र. धों. कर्वे, १९२७. पुढचा प्रश्न: १९३४च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? उत्तर: डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे चला. खटला कशावर होता? वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या आणि कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तरं छापली, यावर. म्हणजे लाजेनं अर्धमेली झालेली माणसं, आडगावातून, पोस्टानं, 'हे मलाच होतंय का' असं विचारत होती, आणि एक गणिताचा प्राध्यापक नोकरी गमावून, दंड भरून, १९५३ साली मरेपर्यंत त्यांना 'नाही, तुम्हालाच नाही' असं सांगत होता. आंबेडकर त्या मूठभर भेदरलेल्या लोकांच्या विचारण्याच्या हक्कासाठी कोर्टात उभे राहिले, आणि हरले. मी ते एका मार्काला विकलं. आणि स्वतःला शंका आली तेव्हा कडी लावून, मोबाइलचा आवाज बंद करून, कुणा बनियनवाल्याचे व्हिडिओ पाहिले.

बायकोशी बोलायला डॉक्टरांनीच सांगितलं. मी एका रविवारी जेवणानंतर प्रस्तावना, पूर्वपीठिका आणि उपपत्ती अशा क्रमानं विषय मांडायला घेतला. ब्रिंडलींपर्यंत पोचायच्या आत ती रडायला लागली. मला वाटलं माझ्या आजाराची दया आली असावी. मी तिला धीर द्यायच्या बेतात होतो.

ती म्हणाली, "मला वाटलं, मीच तुला आवडेनाशी झाले."

गेले कित्येक महिने ती भात खात नव्हती. पहाटे उठून पर्वतीच्या पायऱ्या चढत होती. मी वर्गात 'शिस्त' शिकवताना तिचं उदाहरण देत होतो, माझी बायको बघा म्हणून. ती मात्र आरशासमोर उभी राहून हिशेब करत होती, की आपण नेमकं कुठे कमी पडतोय. मी स्वतःला नापास करत होतो त्याच काळात, त्याच पलंगाच्या दुसऱ्या कडेला, तीही स्वतःला नापास करत होती, आणि दोघंही एकमेकांना 'झोप आली' सांगत होतो. त्या दिवशी रात्री तिनं वरणभात खाल्ला, तूप घालून. मी काही बोललो नाही. माझ्याकडे त्या विषयावर व्याख्यान तयार नव्हतं.

समुपदेशक बाईंनी पुढे आम्हा दोघांना गृहपाठ दिला. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं १९७० साली मांडलेली पद्धत आहे ती. जवळ यायचं, स्पर्श करायचा, गप्पा मारायच्या. पण मुख्य परीक्षेला बसायला काही आठवडे सक्त मनाई. कारण, त्या म्हणाल्या, असे पुरुष पलंगावर असतातच कुठे? ते कोपऱ्यात खुर्ची टाकून स्वतःचा खेळ बघत बसलेले असतात. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा अभ्यासक्रमाला बसलो, ज्यात पास होणं नियमबाह्य होतं. आणि नियमभंगाची वेळ यायला फार दिवस लागले नाहीत, एवढं सांगून हा परिच्छेद इथे संपवतो, कारण बायको हा लेख वाचणार आहे.

लघवीचं काम फिजिओथेरपिस्टकडे गेलं. तिनं माझे केगल ऐकले आणि कपाळाला हात लावला. "सर, तुमचे स्नायू कमजोर नाहीत हो. ते सुट्टीवरच जात नाहीयेत." तिनं मला उताणं झोपवलं, पोटावर हात ठेवायला सांगितला. "श्वास घ्या, पोट वर येऊ द्या." मी श्वास घेतला, छाती वर आली, पोट होतं तिथेच. "पोट सोडा." मी म्हटलं, सोडलंय. "नाही सोडलेलं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की शाळेच्या कवायतीपासून मी पोट सोडलेलंच नाही. कवायतीच्या सरांनी 'पोट आत, छाती बाहेर' म्हटलं होतं आणि 'आराम से' म्हणायच्या आत बहुधा तास संपला. लग्नाच्या अल्बममध्ये आत, फ्लेक्सवर आत, झोपेत म्हणे थोडंसं बाहेर. तिचं म्हणणं पडलं की वरचं पोट असं सतत आवळून धरणाऱ्या माणसाचा खालचा तळही आवळलेलाच राहतो, आणि आवळलेल्या दारातून काय वाहणार?

पोट सोडणं मला अतिशय अवघड गेलं. पुरुषांना जोर लावायला सगळे शिकवतात. रड दाब, पोट ओढ, दात-ओठ खा, हिसका दे. शरीराची दोनच कामं अशी निघाली की ज्यांत जोर लावला की बिघडतं, आणि नेमकी त्यावरच पुरुषपणाची इमारत उभी केलेली. याला काय म्हणावं? मी तरी आता बसून लघवी करतो, धीरानं, पोट सुटू देऊन, आणि आलेख सुधारतो आहे.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त शिकवलं ते दवाखान्याबाहेरच्या बाकानं. तिथे बसलेले पुरुष एकमेकांकडे बघत नाहीत. सगळे भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र इतक्या तन्मयतेनं बघतात की परीक्षा घेतली तर एमबीबीएस होतील. म्हातारे निवांत असतात. त्यांची प्रोस्टेट समाजमान्य आहे. भेदरलेले असतात ते तिशीच्या आतबाहेरचे. एकदा मी तिथे बसलो असताना कोपऱ्यातला एक मुलगा ताडकन उठला. "सर! तुम्ही?"

माझ्याच बॅचचा. दिवसाचे बारा-चौदा तास अभ्यासिकेत, खुर्ची जाईल म्हणून उठायचं नाही, लघवी धरून ठेवायची, चहावर दिवस काढायचा, हे माझंच वेळापत्रक, मीच छापून दिलेलं.

"मित्राला घेऊन आलोय," मी म्हटलं.

"मीपण सर. रूममेटला."

आम्ही आपापल्या मित्रांची वाट बघत बसलो. तेवढ्यात आतून माझ्या नावाचा, आडनावासकट, 'सर' लावून पुकारा झाला. मी उठलो, जाऊन आलो, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत त्याच्या शेजारी बसलो. "आत नरसाळं आहे," मी सांगितलं. "घाई करू नकोस. पोट आत ओढू नकोस. दुसरं काही होत असेल तर तेही सांग, ते स्वतः विचारतील, लाजू नकोस. साखर तपासायला सांगितली तर तपास."

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमचे किती आले होते?"

निकाल विचारणाऱ्या मुलांना मी आजवर खूप आकडे सांगितले आहेत, आणि त्यांतला एकही कमी करून सांगितलेला नाही. "नऊ," मी म्हटलं.

त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. "मला मागच्या वेळी सात, सर."

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मुलाविषयी माझ्या मनात माया दाटून आली होती, अगदी खरी माया. पण तिच्याही आधी, क्षणभर, मला बरं वाटलं. दोन मार्कांनी का होईना, मी पुढे होतो.